सोमवारच्या मीटिंगमध्ये तोच मुद्दा परत परत येतो? मग मंगळवार तपासा

लक्षण असं दिसतं. सोमवारची मीटिंग वेळेवर सुरू होते, सगळे हजर असतात, वादावादी फारशी होत नाही, तासा-सव्वातासाने सगळे उठून कामाला लागतात. पुढच्या सोमवारी वही उघडली की मागच्याच हप्त्यातले तीन मुद्दे समोर. 'यावर आपण बोललो होतो ना?' 'हो, बोललो होतो.' आणि चर्चा पुन्हा पहिल्यापासून. तीच माणसं, तीच वाक्यं. महिनाभरात त्या मुद्द्याची इतकी सवय होते की त्याचं नाव निघालं की लोक खिशातून मोबाइल काढतात.

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत प्रॉडक्शन प्लॅनिंगचं काम बघते, त्यामुळे उदाहरणं कारखान्यातली येतील. पण बुटीबोरीतले पर्चेसवाले, मिहानमधल्या आयटी कंपन्यांतल्या मैत्रिणी, सदरमधल्या ऑडिट फर्ममधली पोरं, सगळ्यांकडून हीच तक्रार ऐकते. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते. मीटिंग लांबते ही वेगळी तक्रार, लोक तोंडच उघडत नाहीत ही आणखी वेगळी. इथे मुख्यतः परत येणाऱ्या मुद्द्याबद्दल लिहितेय, कारण माझ्या पाहण्यात बाकीच्या दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा त्यातूनच जन्माला येतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: मुद्दा मीटिंगच्या खोलीत अडकत नाही. तो मंगळवार ते शनिवार या पाच दिवसांत कुठेतरी पडून राहतो, आणि आपण दुरुस्ती मात्र सोमवारची करत बसतो.

आधी कशाला हात लावू नका

तक्रार वाढली की कुणीतरी टायमर आणतं. कुणी खुर्च्या काढून उभ्याने मीटिंग घ्यायला सांगतं. यात वाईट काही नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी बसून आणि उभ्याने होणाऱ्या मीटिंगची तुलना केली होती. बसलेल्या गटांना सुमारे ३४ टक्के वेळ जास्त लागला आणि निर्णय काही जास्त चांगले निघाले नाहीत. म्हणजे उभं राहिल्याने वेळ नक्की वाचतो. पण आपला आजार वेळेचा नाही. ज्या कामाला धनी नाही ते उभ्याने बोललं तरी बिनधन्याचंच राहणार. गूगल कॅलेंडरमधलं 'स्पीडी मीटिंग्ज' हे सेटिंगही चांगलं आहे, ३० मिनिटांची मीटिंग २५ ची आणि तासाची ५० मिनिटांची करून टाकतं. ते जरूर लावा, पण त्याने परत येणारा मुद्दा थांबेल अशी आशा ठेवू नका.

नवीन ॲप, नवीन एक्सेल शीट, नवीन रंगीत बोर्ड, हेही सध्या राहू द्या. निदान झाल्याशिवाय गोळी द्यायची नाही.

निदान: मागच्या नोंदी काढा

मागच्या सहा-आठ सोमवारच्या नोंदी घेऊन बसा. नोंदीच नसतील तर ज्याची वही सगळ्यांत नीट असते त्याच्याकडून मागून घ्या, अशी एक वही प्रत्येक ऑफिसात असतेच. दोनपेक्षा जास्त वेळा आलेल्या मुद्द्यांखाली रेघ मारा. खूप मुद्दे निघणार नाहीत. पाच-सहाच निघतात, आणि मीटिंगचा निम्म्याहून जास्त वेळ तेच खातात.

आता त्यातल्या प्रत्येकासाठी एकच प्रश्न विचारा: मीटिंग संपल्यावर मंगळवारी सकाळी दहा वाजता हा मुद्दा नेमका कुणाच्या टेबलवर होता? खातं सांगायचं नाही, माणूस सांगायचा. तो माणूस त्या वेळी काय करणार होता तेही सांगायचं.

याचं उत्तर तीन-चार तऱ्हांनीच अडतं. कुणाच्याच टेबलवर नव्हता. किंवा दोघांच्या टेबलवर होता, म्हणजे कुणाच्याच नाही. किंवा ज्याच्या टेबलवर होता त्याला तो निकाली काढायचा अधिकारच नव्हता. किंवा काम करायला लागणारा आकडा त्याच्याकडे पोचलाच नव्हता. तुमचा मुद्दा यातल्या कुठल्या तऱ्हेचा आहे ते कळलं की उपाय आपोआप वेगळा होतो. सगळ्यांना एकच उपाय लावला तर काही हाती लागत नाही.

एक फोर्कलिफ्ट जवळून बघू

ओळखीच्या एका युनिटमधली गोष्ट सांगते. डिस्पॅचला, म्हणजे माल गाड्यांत भरून पाठवतात तिथे, जड माल उचलणारी, बॅटरीवर चालणारी एक फोर्कलिफ्ट. दुपारी तीनच्या सुमाराला बॅटरी उतरायची. मग संध्याकाळच्या गाड्या हँड पॅलेटने, म्हणजे हाताने ओढायच्या ट्रॉलीने भरायच्या, दोन पोरांचे खांदे गळून जायचे आणि शेवटची गाडी रात्री निघायची. दर सोमवारी हा मुद्दा यायचा. संवाद साधारण असा:

'बॅटरी दुपारनंतर उतरूनच राहिली, साहेब.'

'पाणी टाकता का वेळेवर?'

'टाकतो ना. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन पाहून घ्या तुम्ही.'

'मग चार्जर पाहा एकदा. ऑपरेटर जेवणाच्या सुट्टीत मधूनच लावून काढून राहिला का?'

'पर्चेस, बॅटरीचं काय झालं?'

'दोन कोटेशन आलेत, साहेब. तिसरं येऊन राहिलं.'

'बरं, तिसरं मागवा.' पुढचा मुद्दा.

वीस मिनिटं यातच जायची आणि खोलीत अकरा माणसं. म्हणजे २२० मिनिटं, एका बॅटरीपायी दर हप्त्याला माणसांचे तीन तास चाळीस मिनिटं.

पाण्याचा आणि चार्जरचा प्रश्न चुकीचा नव्हता. लेड-ॲसिड बॅटरीला उष्णता सोसत नाही. तापमान ८ ते १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे, आणि मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारायलाच नको. पण ती चर्चा मेंटेनन्सचे दादा आणि ऑपरेटर या दोघांनी फोर्कलिफ्टपाशी उभं राहून करायची. अकाउंट्सच्या मॅडमनी आणि क्वालिटीच्या माणसाने ती ऐकून काही होणार नव्हतं.

खरा अडसर वेगळाच होता. ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीला तीन कोटेशन लागतात असा त्यांच्याकडे नियम. त्या मापाची बॅटरी ठेवणारे डीलर शहरात दोनच. बाहेरगावचा तिसरा एका बॅटरीसाठी दर द्यायला तयार नव्हता. तिसऱ्या कोटेशनची सूट द्यायचा अधिकार वर्क्स मॅनेजरांना. आणि त्यांचा हेड ऑफिसबरोबरचा कॉल नेमका सोमवारी सकाळी. त्यांच्या जागी मीटिंगला डेप्युटी बसायचे, त्यांना ती सही करता येत नव्हती. म्हणून प्रत्येक सोमवारी मुद्दा 'तिसरं कोटेशन मागवावे' इथेच येऊन थांबायचा. खोलीतला प्रत्येक जण आपापलं काम नीट करत होता आणि तरी गाडं हलत नव्हतं.

सुटलं कसं? पर्चेसच्या माणसाने अर्ध्या पानाची टीप लिहिली. दोन दर, तिसरा का मिळत नाही, महिन्यात किती गाड्या उशिरा गेल्या, आणि सही कुणाची हवी. टीप घेऊन तो बुधवारी वर्क्स मॅनेजरांकडे गेला. त्यांनी वाचली, गाड्यांच्या उशिराबद्दल दोन प्रश्न विचारले, सही केली. यात मीटिंगचा संबंधच आला नाही. आणि मला यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच की, मुद्दा परत येत होता कारण तो त्या मीटिंगचा मुद्दाच नव्हता.

निर्णय घेणारा खोलीत नसेल तर

तुमच्या रेघ मारलेल्या यादीत असे मुद्दे सगळ्यांत जास्त निघतील, असा माझा अंदाज आहे. उपाय दोन. एक तर निर्णय घेणाऱ्याच्या सोयीने मीटिंगची वेळ बदला. ते जमत नसेल तर त्या माणसाकडून आधीच विचारून घ्या: अमुक रकमेपर्यंत, अमुक प्रकारचा निर्णय डेप्युटींनी घेतला तर चालेल का? चालेल म्हणाले तर ते लेखी घ्या, दोन ओळींचा मेल पुरतो. नाही म्हणाले तर तो मुद्दा सोमवारच्या यादीतून काढून थेट त्यांच्याकडे न्या.

'त्यांना कळवू' म्हणून मुद्दा मीटिंगमध्ये ठेवायचा नाही. कळवायचं असेल तर आजच फोन करा.

नोंद कशी लिहायची

आपल्याकडे मिनिट्स लिहिताना सरकारी वळण आपसूक येतं. 'फोर्कलिफ्टच्या बॅटरीबाबत आवश्यक ती कार्यवाही करण्याचे ठरले.' वाचायला भारदस्त आहे, पण कोण करणार, कधी करणार, झालं हे कसं कळणार, यातलं काहीच त्यात नाही. मंगळवारी सकाळी हे वाक्य वाचून एकाही माणसाला जागचं उठावंसं वाटणार नाही.

त्याऐवजी असं लिहा: 'तिसऱ्या कोटेशनची सूट मागणारी टीप (इथे माणसाचं नाव) बुधवारी दुपारी १२ पर्यंत वर्क्स मॅनेजरांना देतील. गुरुवारपर्यंत सही झाली नाही तर प्लॅनिंगला फोन.' नाव एकच. दोन नावं लिहिली की दोघं एकमेकांची वाट बघतात. आणि शेवटची ओळ विसरू नका. काम अडलं तर कुणाला सांगायचं हे माहीत असलं की माणूस सोमवारपर्यंत गप्प बसत नाही.

ज्याचं नाव लिहिताय तो माणूस खोलीत असला पाहिजे आणि त्याने 'हो' म्हटलेलं असलं पाहिजे. गैरहजर माणसाच्या नावावर काम टाकणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. त्याला कळतं गुरुवारी, तेही दुसऱ्याच कुणाकडून, आणि मग तो रागावतो. त्याचा राग बरोबर असतो.

नोंद त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी गेली पाहिजे. संचालक मंडळाच्या बैठकीला २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार किमान ७ दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि ३० दिवसांच्या आत इतिवृत्त नोंदवावं लागतं. ती मुदत वर्षातून मोजक्या वेळा भरणाऱ्या बैठकींसाठी आहे. दर हप्त्याच्या मीटिंगची नोंद चार दिवसांनी आली तर ती पुढच्या सोमवारच्या तोंडावरच आली म्हणायची. पण कायद्यातलं तत्त्व उचलण्यासारखं आहे. विषय आधी कळवायचे आणि काय ठरलं ते लेखी ठेवायचं. या दोन गोष्टी छोट्या मीटिंगलाही लागतातच.

पाठवायची कशी, तेही सांगते. व्हॉट्सॲप ग्रुपवर पानभर मिनिट्स टाकल्या की त्याखाली वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कुणाच्या तरी सुट्टीचा निरोप येतो, संपलं. ग्रुपवर टाका, हरकत नाही, पण त्याबरोबर प्रत्येकाला त्याच्या कामाची एकच ओळ वेगळी पाठवा. 'भाऊ, बुधवारी १२ पर्यंत टीप. काही अडलं तर मला सांगा.' आणि बुधवारी अकराला एक फोन. असा फोन करणाऱ्याला सुरुवातीला लोक पिच्छा पुरवणारा म्हणतात. दोन-तीन हप्त्यांनी तेच लोक स्वतःहून फोन करू लागतात, कारण सोमवारी सगळ्यांसमोर 'झालं नाही' म्हणण्यापेक्षा बुधवारी एकालाच 'अडलं' म्हणणं केव्हाही सोपं.

आकड्यावरून अडत असेल तर

हे पटकन सुटतं. स्टोअर म्हणतं माल ३४०, प्रॉडक्शन म्हणतं ४१०, आणि मीटिंग कुठला आकडा खरा यावर संपते. बहुतेक वेळा दोन्ही आकडे खरे असतात, फक्त वेगवेगळ्या वेळचे. एक वेळ ठरवा, उदाहरणार्थ शनिवारी संध्याकाळी सहाचा सिस्टीममधला स्टॉक. सोमवारी तोच धरायचा. कुणाला तो चूक वाटला तर त्याने रविवारच्या आत कळवायचं. मीटिंगमध्ये आकडा तपासायचा नाही.

आणि कागद आधी वाचून येतील या भरवशावर राहू नका. लोक वाचत नाहीत कारण त्यांना वेळ मिळत नाही, आळस हे कारण फार कमी वेळा असतं. पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून वाचायचं. ती शांतता सुरुवातीला अवघड वाटते, पण नंतरचे 'हे कुठून आलं?' असे प्रश्न बंद होतात.

खोलीत किती माणसं

डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन आपल्या नागपुरात भरलं होतं. चौदा हजारांहून जास्त प्रतिनिधी आले. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं ते इथेच. पण त्याच अधिवेशनात काँग्रेसची नवी घटनाही मंजूर झाली. त्यानुसार अखिल भारतीय समिती साधारण ३५० जणांची, आणि रोजचं काम चालवायला १५ जणांची कार्यकारिणी. एवढा मोठा जनसमुदाय जमवणाऱ्यांनाही ठाऊक होतं की ठरावामागे माणसं हजारो लागतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तो राबवायला मोजकी.

आपल्या ऑफिसात मात्र माणूस एकदा मीटिंगच्या यादीत आला की निघत नाही. वगळलं तर त्याला अपमान वाटेल अशी भीती असते, आणि ही भीती खोटी नाही. म्हणून वगळण्याआधी त्याच्याशी बोला. 'तुमचा मुद्दा असेल त्या दिवशी पहिल्या पंधरा मिनिटांत तुमचं घेतो, मग तुम्ही मोकळे. बाकी दिवशी नोंद पाठवतो.' बहुतेकांना हे ऐकून हायसं वाटतं. ज्याला वाईट वाटेल त्याला राहू द्या. एका माणसाने फार बिघडत नाही.

साहेब आधी बोलले की सगळे गप्प

यावर मला जरा थांबून लिहायचं आहे, कारण मुद्दा परत येण्याचं हे कारण नोंदीत कधी दिसत नाही.

घडतं असं. साहेब मुद्दा मांडतानाच आपलं मतही सांगतात. सगळे मान हलवतात. ठरलं. मग बाहेर टपरीवर चहा घेताना सुपरवायझर म्हणतो, 'हे होऊच नाही शकत, दुसऱ्या शिफ्टला दोनच फिटर आहेत.' हे त्याला आतही माहीत होतं. पण साहेबांचं वाक्य खाली पाडायचं कसं? ठरलेलं काम अर्थातच होत नाही आणि पुढच्या सोमवारी मुद्दा परत येतो. साहेबांना वाटतं लोक ऐकत नाहीत. लोकांना वाटतं साहेबांना जमिनीवरचं काही माहीत नाही. दोघंही प्रामाणिक असतात, आणि मला याचंच फार वाईट वाटतं. चांगली माणसं एकमेकांबद्दल चुकीचं मत करून बसतात.

तुम्ही स्वतः साहेब असाल तर उपाय सोपा आहे. मुद्दा सांगा, मत राखून ठेवा, आणि खोलीतल्या सगळ्यांत नव्या किंवा सगळ्यांत खालच्या पदावरच्या माणसापासून सुरुवात करा. विचारताना 'काही अडचण आहे का?' असं विचारू नका, त्याला सगळे 'नाही सर' म्हणतात. विचारा: 'हे उद्या दुसऱ्या शिफ्टला करायचं ठरलं तर पहिली अडचण कुठे येईल?' आता अडचण सांगणं म्हणजे विरोध करणं राहत नाही, ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं.

तुम्ही साहेब नसाल, नुसतंच मीटिंग लावायचं काम तुमच्याकडे असेल, तर मीटिंगच्या आधी एकट्यात जा. चारचौघांत नको. 'सर, या मुद्द्यावर तुमचं शेवटी घेऊ का? तुम्ही आधी बोललात की शिफ्टवाले बोलत नाहीत, आणि त्यांची अडचण आपल्याला नंतर कळते.' आदराने आणि कारणासकट सांगितलं तर ऐकणारे साहेब बरेच असतात. ऐकलं नाही तरी निदान दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरशी आदल्या दिवशी बोलून त्याची अडचण तुम्ही स्वतः यादीत लिहून आणा: 'दुसऱ्या शिफ्टला फिटर दोन, काम तिघांचं.' कागदावर आलेली अडचण कुणा एकाच्या तोंडची राहत नाही.

टपरीवरचं बोलणं बंद करायला जाऊ नका. खरं तिथेच कळतं. मीटिंग लावणाऱ्याने अधूनमधून तिथे चहा घ्यावा.

स्क्रीनवर पुणे, खोलीत आपण

पुण्याचं हेड ऑफिस स्क्रीनवर आणि आपण आठ-दहा जण एका लॅपटॉपभोवती, अशी मीटिंग असेल तर मुद्दा परत येण्याचं कारण कधी कधी निव्वळ ऐकू न येणं हे असतं. उन्हाळ्यात तर नक्की. खिडकीतला कूलर आपल्याला सवयीने ऐकूच येत नाही, पण माइकला तोच सगळ्यांत जास्त ऐकू येतो. पलीकडच्यांना आपलं बोलणं म्हणजे नुसती घरघर. ते 'ओके, ओके' म्हणतात आणि नंतर 'असं ठरलंच नव्हतं' म्हणतात. कॉलपुरता पंप चालू ठेवून पंखा कमी करा, किंवा माइक कूलरपासून लांब, बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. शेवटी पलीकडच्या एका माणसाला काय ठरलं ते वाचून दाखवायला सांगा. आपण वाचून उपयोग नाही, त्यांनी वाचलं पाहिजे.

अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी खूण. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यूयॉर्कचा सकाळी दहाचा कॉल आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला पडतो आणि हिवाळ्यात साडेआठला. त्या आठवड्यांत माणसं हुकतात आणि मुद्दे लोंबकळतात. इन्व्हाइट कुणाच्या घड्याळाप्रमाणे लावलंय ते बघून ठेवा आणि त्या दोन रविवारांच्या आधीच्या शुक्रवारी सगळ्यांना एक निरोप टाका.

वेळेबद्दल आणखी दोनच गोष्टी. शिफ्ट सात-तीन असेल तर पावणेतीनला मीटिंग लावू नका. पहिल्या शिफ्टवाल्याचं लक्ष घरी जाण्याकडे असतं, दुसरीवाला चार्ज घेण्यात गुंतलेला असतो. आणि डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं की सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी भागात मोर्चे आणि बंद रस्ते असतात. तिकडून येणाऱ्यांना त्या दिवसांत सकाळच्या मीटिंगला धरू नका, किंवा मेट्रोने या म्हणावं.

हे सगळं करूनही एखादा मुद्दा परत आला तर

मग बहुधा त्या कामाला कुणाचा तरी नकार आहे आणि तो कुणी उघड बोलत नाही. पैसे नाहीत, किंवा माणूस द्यायची तयारी नाही, किंवा वरच्यांना ते काम गरजेचंच वाटत नाही. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं कठीण जातं, म्हणून 'बघू', 'पुढच्या हप्त्यात घेऊ' असं म्हणत मुद्दा जिवंत ठेवला जातो. खालच्या माणसाला आशा लागून राहते. तो दर सोमवारी तयारी करून येतो.

अशा वेळी मीटिंग चालवणाऱ्याने विचारावं: 'हे आत्ता करायचं नाही, असं लिहू का?' विचारताना आवाजात चीड नको. कधी कधी या प्रश्नानेच कुणीतरी दचकून म्हणतं, 'नाही नाही, करायचंय,' आणि तारीख देतं. नाही दिली, तर लिहा: 'शेडला दुसरा एक्झॉस्ट फॅन: या वर्षी घेणार नाही. नव्या बजेटमध्ये एप्रिलला पुन्हा विचार.' आणि एप्रिलपर्यंत तो मुद्दा यादीतून काढून टाका. ज्याने तो मांडला होता त्याला कारणही सांगा, त्याच दिवशी, समोर बसवून. नकार कळला की तो आपली दुसरी सोय बघू शकतो, टेबल फॅन मागवतो, कामाची वेळ बदलून घेतो.

सगळे बदल एकदम करू नका. पहिल्या सोमवारपासून नुसती नोंदीची पद्धत बदला: एक नाव, एक तारीख, अडलं तर कुणाला फोन. चार सोमवार गेले की पुन्हा वही काढा आणि दोनपेक्षा जास्त वेळा आलेल्या मुद्द्यांना रेघ मारा. यादी आखडली असेल तर मीटिंग अर्ध्या तासावर आणायला हरकत नाही. आखडली नसेल तर उरलेला प्रत्येक मुद्दा घेऊन मंगळवारच्या टेबलचा प्रश्न परत विचारा. बहुतेकदा निर्णयाचा अधिकार हेच कारण निघेल, आणि मग तुम्हाला वर्क्स मॅनेजरांची वेळ मागायला लागेल.